त्वचेवर लावलेले जीवनसत्त्व ई उन्हापासून डीएनएचे किती रक्षण करते?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या औषधांच्या दुकानात चैत्र लागला की एका वस्तूची मागणी हमखास वाढते. ती म्हणजे हिरव्या रंगाची, मऊ, तेलाने भरलेली जीवनसत्त्व ईची कॅप्सूल. पोटात घेण्यासाठी ती क्वचितच कोणी नेते. बहुतेकांना ती फोडून चेहऱ्याला लावायची असते, कोणाला कोरफडीच्या गरात मिसळून, कोणाला खोबरेल तेलात, तर कोणाला तशीच. गेल्या उन्हाळ्यात कागलकडच्या, भांगलणीला जाणाऱ्या एका मावशींनी कॅप्सूल काउंटरवरच सेफ्टी पिनेने टोचली, आतले पिवळसर, मधासारखे घट्ट तेल बोटावर घेतले आणि दोन्ही गालांवरच्या वांगाच्या डागांवर चोळले. "ताई, आता हे लावलं म्हंजे ऊन बाधायचं न्हाई न्हवं? दिवसभर रानात असतोय बघा," असे त्यांनी विचारले.

दुकानात गर्दी होती, म्हणून मी "पदर घट्ट बांधा आणि सनस्क्रीन लावा" एवढेच सांगून मोकळी झाले. पण ते उत्तर अपुरे होते, याची रुखरुख मला नंतर लागून राहिली, कारण मावशींनी विचारलेला प्रश्न त्वचाविज्ञानाच्या प्रयोगशाळांमध्ये गेली तीस वर्षे विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर नुसते "होय" किंवा "नाही" असे देता येत नाही. ऊन त्वचेतील डीएनएचे नुकसान एकाच रीतीने करत नाही. काही नुकसान किरण पडताक्षणी होते, काही पुढच्या काही मिनिटांत होते, आणि काही तर माणूस घरी येऊन सावलीत बसल्यानंतर, तीन-चार तासांनी होत राहते. जीवनसत्त्व ई यांपैकी कोणत्या वेळी हाताशी येते आणि कोणत्या वेळी त्याला उशीर झालेला असतो, हे समजले की बाकीचा विषय आपोआप उलगडतो.

आधी आपल्या उन्हाविषयी थोडे सांगायला हवे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भरदुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टमधला दिवस बहुधा ढगांआड जातो, मेमधला मात्र चांगला अनुभवता येतो. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे ही भरदुपार घड्याळात बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास होते. सूर्य जितका डोक्यावर, तितका त्याच्या किरणांना वातावरणातून कापावा लागणारा मार्ग आखूड, आणि तितके अतिनील किरण जमिनीवर अधिक पोहोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण तीव्र आहेत, हा जगभर शिकवला जाणारा ठोकताळा आहे. कोल्हापुरात तर डिसेंबरच्या अखेरीस, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही भरदुपारची सावली माणसाच्या उंचीपेक्षा आखूडच असते. ऊसतोडीच्या हंगामात हवा गार असते म्हणून ऊन सौम्य आहे असे वाटते, परंतु उकाडा आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात. सर्वांत घातक असलेला २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा यूव्हीसी पट्टा ओझोन आणि हवेत पूर्ण शोषला जातो. उरतात २८० ते ३१५ नॅनोमीटरचा यूव्हीबी आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा यूव्हीए. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीए सुमारे ९५ टक्के असतो. तो काचेतूनही आत येतो आणि त्वचेत खोलवर जातो. यूव्हीबीचा वाटा लहान, पण डीएनएच्या दृष्टीने तोच अधिक धारदार आहे, कारण डीएनएचा रेणू स्वतःच हा प्रकाश थेट शोषून घेतो.

तो शोषल्यावर काय होते, तेही पाहू. डीएनएच्या धाग्यावर चार प्रकारची अक्षरे ओळीने बसलेली असतात. ती म्हणजे ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन. नेहमी प्रत्येक अक्षर समोरच्या धाग्यावरील आपल्या जोडीदाराशी बांधलेले असते. दोन थायमिन शेजारी-शेजारी असतील आणि त्यांच्यावर यूव्हीबीचा किरण पडला, तर ते समोरच्या जोडीदाराऐवजी एकमेकांनाच घट्ट चिकटतात. पिशवीच्या चेनचे दोन शेजारचे दात वितळून एक झाले तर चेन जशी त्या जागी अडते, तसा डीएनएचा धागा तिथे अडतो. या जोडगोळीला शास्त्रात सायक्लोब्युटेन पिरिमिडिन डायमर म्हणतात. आपण तिला सोयीसाठी "गाठ" म्हणू. सायटोसिनचीही अशी गाठ बसते, आणि तीच पुढे अधिक दगा देते, कारण गाठीत अडकलेला सायटोसिन रासायनिकदृष्ट्या बदलतो आणि पेशी नक्कल करताना त्याच्या जागी थायमिन वाचते. अक्षर बदलले म्हणजे हुकूम बदलला. त्वचेच्या कर्करोगांत पी-५३ नावाच्या, पेशीला आवर घालणाऱ्या जनुकात नेमका हा "सायटोसिनच्या जागी थायमिन" असा बदल पुन:पुन्हा सापडतो. उन्हाने केलेल्या चुकीची ती सहीच म्हणायची.

आता मूळ मुद्दा असा की, ही गाठ बसायला किती वेळ लागतो? सुमारे एक पिकोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख भाग करावेत आणि त्यातील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत, म्हणजे एक पिकोसेकंद होतो. इतक्या वेळात शेजारचा कोणताही रेणू, मग तो कितीही गुणी असो, जागचा हलूसुद्धा शकत नाही. म्हणून किरण एकदा डीएनएपर्यंत पोहोचला की त्या गाठीपासून वाचवणारे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य, जगात नाही. तिथे उपाय एकच, तो म्हणजे किरण डीएनएपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत अडवणे. कापड, छत्री, त्वचेला रंग देणारे मेलॅनिन आणि सनस्क्रीन हे सगळे तेवढेच करतात.

किरण पोहोचला तरी शरीर हातावर हात ठेवून बसत नाही. पेशीत गाठी शोधून, त्या धाग्याचा छोटासा तुकडा कापून काढून, समोरच्या धाग्यावरून नवा तुकडा विणणारी यंत्रणा अहोरात्र चालू असते. अशा दुरुस्त्यांचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातले संजार यांचे काम नेमके अतिनील किरणांनी बसलेल्या गाठी कापून काढण्याविषयीचे आहे. ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते अशा झेरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मीळ आजारात मुलांना दिवसाच्या उजेडात बाहेर पडणेही जिवावर बेतते, आणि अगदी लहान वयात त्वचेचे कर्करोग होतात. आपल्या सगळ्यांच्या त्वचेत ही दुरुस्ती चालते म्हणूनच आपण उन्हात वावरू शकतो. मात्र सायक्लोब्युटेन गाठी निस्तरायला दिवस-दोन दिवस लागू शकतात, आणि भांगलणीला जाणारी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच उन्हात उभी असते.

नुकसानाचा दुसरा मार्ग मात्र संथ आहे, आणि जीवनसत्त्व ईचा खरा आखाडा तोच. यूव्हीए किरण त्वचेतील इतर रेणूंना चेतवतात, ते आपली ऊर्जा ऑक्सिजनला देतात, आणि त्यातून अतिशय अधीर, दिसेल त्याच्याशी झटापट करणारे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. त्यांनी डीएनएतील ग्वानिनला गाठले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तेही चुकीचे वाचले जाते. पण बहुतेक वेळा त्यांच्या तडाख्यात आधी सापडते ते पेशीचे स्निग्ध पटल. त्यातील असंतृप्त मेदाम्लाच्या एका रेणूचा हायड्रोजन हिसकावला गेला की तो रेणू ऑक्सिजन घेऊन शेजाऱ्याचा हायड्रोजन हिसकावतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा, आणि अशी साखळी धावत सुटते. उसाच्या फडात वाळलेले पाचट पेटल्यावर आग सरीवरून सरीवर कशी उड्या मारत जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या जळीतातून मॅलोनडायअल्डिहाइडसारखे पदार्थ सुटतात, आणि ते केंद्रकात जाऊन डीएनएला चिकटतात. पटलाला लागलेल्या आगीची झळ डीएनएला बसते ती अशी.

जीवनसत्त्व ई या पटलातच राहते. त्याची लांब, तेलकट शेपटी मेदाम्लांमध्ये रुतलेली असते आणि हायड्रोजन देण्यास तयार असलेले डोके पृष्ठभागाजवळ असते. साखळीतील धावता रेणू शेजारच्या मेदाम्लाकडून हायड्रोजन घेण्याऐवजी सुमारे हजार पट अधिक वेगाने तो जीवनसत्त्व ईकडून घेतो आणि तिथेच शांत होतो. हायड्रोजन दिलेले जीवनसत्त्व ई स्वतः अर्धवट होते खरे, पण ते इतके निवांत असते की साखळी पुढे नेत नाही. फडाच्या मध्ये मोकळा, ओला पट्टा सोडल्यावर आग तिथे थबकावी तसे हे आहे. पुढे जीवनसत्त्व सी त्याला हायड्रोजन परत देऊन पुन्हा कामाला लावते. ही कल्पना १९६८ मध्ये मांडली गेली आणि १९७९ मध्ये प्रत्यक्ष मोजमापाने सिद्ध झाली. म्हणूनच चांगल्या प्रयोगांत ही दोन जीवनसत्त्वे जोडीने वापरलेली दिसतात. एक तेलात राहणारे, दुसरे पाण्यात, आणि दोघांची भेट पटलाच्या काठावर होते.

या जीवनसत्त्वाचा शोध १९२२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी लावला, तो मात्र अगदी वेगळ्या संदर्भात. विशिष्ट आहारावर वाढवलेल्या उंदीरमाद्यांचे गर्भ टिकत नव्हते, आणि हिरव्या पाल्यातील कसल्यातरी घटकाने ते टिकू लागले. म्हणून त्याला "अपत्यप्राप्ती घडवणारे" अशा अर्थाचे टोकोफेरॉल हे ग्रीक नाव मिळाले. प्रत्यक्षात हे एक कुटुंब आहे. चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायेनॉल अशी आठ भावंडे त्यात आहेत, आणि मानवी शरीर त्यांतील अल्फा टोकोफेरॉलला सर्वाधिक जवळ करते. त्वचेला ते रक्तातून मिळतेच, शिवाय तैलग्रंथींच्या स्रावातून ते चेहऱ्याच्या पृष्ठभागावर सतत पाझरत असते. म्हणजे बाहेरून काहीही लावण्यापूर्वी आपल्या चेहऱ्यावर निसर्गाने जीवनसत्त्व ईचा एक पातळ थर दिलेलाच आहे. मात्र तो फार तकलादू आहे. त्वचा लाल होण्यासाठी लागतो त्याहूनही कमी अतिनील किरणांच्या एकाच मात्रेने माणसाच्या त्वचेच्या बाह्यतम थरातील अल्फा टोकोफेरॉल जवळजवळ निम्म्यावर येते, असे १९९८ च्या सुमारास दाखवले गेले. त्वचा अजून लालही झालेली नाही, आणि तिची शिबंदी अर्धी गारद झालेली आहे. ती वरून भरून काढावी ही कल्पना यातूनच पुढे आली आणि ती अगदीच निराधार नाही.

वरून लावल्यावर प्रत्यक्षात काय दिसले? १९९७ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथील संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर १ टक्का अल्फा टोकोफेरॉल लावून मग यूव्हीबी सोडला, तेव्हा डीएनएतील थायमिनच्या गाठी लक्षणीयरीत्या कमी झाल्या. आता वर मी म्हटले की पिकोसेकंदात बसणाऱ्या गाठीला कोणतेही अँटिऑक्सिडंट थोपवू शकत नाही, मग हे कसे झाले? याचे उत्तर मला या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अल्फा टोकोफेरॉल स्वतःच २९२ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते, म्हणजे नेमका यूव्हीबीच. ते इथे आग विझवणाऱ्याचे काम करत नव्हते, लहानशा छत्रीचे करत होते. आणि ते त्वचेवर नुसते पसरलेले नसून पेशींमध्ये मुरलेले असल्यामुळे ही छत्री डीएनएच्या अगदी जवळ धरलेली होती. अर्थात ही छत्री लहान आहे. यूव्हीएच्या विस्तीर्ण पट्ट्याला ती जवळजवळ अडवत नाही, आणि प्रकाश शोषता शोषता ती स्वतःच मोडून संपते.

याच कामात आणखी एक गोष्ट दिसली, आणि काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारखीला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. शुद्ध अल्फा टोकोफेरॉलने जे १ टक्क्यात साधले, ते टोकोफेरिल ॲसिटेट या त्याच्याच दुसऱ्या रूपाला तितक्या प्रमाणात साधले नाही. त्याआधी, १९९६ मधील उंदरांवरच्या एका प्रयोगात तर ॲसिटेट आणि सक्सिनेट हे दोन्ही प्रकार अतिनील किरणांनी होणारे त्वचेचे कर्करोग रोखू शकले नव्हते. कारण रसायनशास्त्रातच दडलेले आहे. शुद्ध टोकोफेरॉल हवेने आणि उजेडाने लवकर खराब होते, काळपट पडते, म्हणून उत्पादक त्याच्या हायड्रोजन देणाऱ्या टोकावर ॲसिटेटचे झाकण बसवतात. झाकण असताना ते वर्षानुवर्षे टिकते, पण झाकण असताना ते हायड्रोजनही देऊ शकत नाही. पोटात गेल्यावर आतड्यातील विकरे हे झाकण सहज काढतात, म्हणून खाण्याच्या गोळीत ॲसिटेट असणे योग्यच आहे. त्वचेच्या बाह्य थरात मात्र ते काम फार हळू होते. त्या हिरव्या कॅप्सूलची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरे वाचली, तर तिथे टोकोफेरिल ॲसिटेट ४०० मिलिग्रॅम असेच लिहिलेले सापडेल. मावशींनी गालावर चोळलेले तेल हे झाकण लावलेले जीवनसत्त्व होते आणि त्या दहा मिनिटांत उन्हात निघाल्या होत्या.

माणसांच्या जवळ जाणारे काम झाले ते जीवनसत्त्व सीच्या जोडीने. उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठातील गटाने २००३ मध्ये डुकराच्या त्वचेवर (ती माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते) १५ टक्के जीवनसत्त्व सी आणि १ टक्का अल्फा टोकोफेरॉल यांचे मिश्रण चार दिवस लावले आणि सुमारे चौपट संरक्षण मिळाल्याचे दाखवले. थायमिनच्या गाठीही कमी झाल्या. २००५ मध्ये त्यात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातल्यावर मिश्रण अधिक टिकाऊ झाले आणि संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेले. हे फेरुलिक ॲसिड धान्याच्या कोंड्यात असते, तसे उसाच्या चिपाडातही असते, आणि गुऱ्हाळाच्या चुलवणात रोज गाड्याच्या गाड्या जाळल्या जाणाऱ्या चिपाडात असा पदार्थ असतो हे वाचल्यावर मला फार नवल वाटले होते. २००८ मध्ये हेच मिश्रण थोड्या स्वयंसेवकांच्या त्वचेवर तपासले गेले, तेव्हा तिथेही लाली आणि डीएनएतील गाठी दोन्ही कमी दिसल्या.

हे निष्कर्ष खरे आहेत, पण त्यांचे माप लक्षात ठेवावे. नियमाप्रमाणे पुरेसे लावलेले एसपीएफ ३० चे, म्हणजे तीसपट संरक्षणाचे सनस्क्रीन त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते. चौपट किंवा आठपट हे आकडे त्याच्यापुढे लहान आहेत. शिवाय ते मोजक्या लोकांवर, ताज्या बनवलेल्या, आम्लधर्मी आणि महाग मिश्रणाने मिळालेले आहेत. त्या बाटलीतील द्रव नारिंगी किंवा तपकिरी झाला की त्यातील जीवनसत्त्व सी बरेचसे संपले असे समजावे. बाटली उन्हात ठेवलेल्या मोटारीत राहिली तर हे आणखी लवकर होते.

तिसरे नुकसान शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होते. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी यूव्हीए दिलेल्या रंगपेशी अंधारात ठेवून तपासल्या. दिवा बंद झाला म्हणजे गाठी बसणेही थांबायला हवे होते. पण त्या तीन तासांहून अधिक काळ वाढतच राहिल्या. या पेशींमध्ये बसलेल्या एकूण गाठींपैकी सुमारे निम्म्या अशा अंधारात बसलेल्या होत्या. उन्हाने पेशीत तयार झालेले ऑक्सिजनचे आणि नायट्रोजनचे अधीर रेणू मेलॅनिनच्या तुकड्यांना चेतवतात, आणि ते तुकडे साठवलेली ऊर्जा डीएनएला देतात. एरवी जी ऊर्जा प्रकाशाचा किरण देतो, तीच इथे प्रकाशाशिवाय पोहोचते. आपल्या रंगाचे रक्षक म्हणून ज्याचे आपण कौतुक करतो ते मेलॅनिन संध्याकाळी काही अंशी नुकसानाचे वाहकही ठरते. त्याचा अर्थ सावळा रंग धोक्याचा असा मुळीच नाही. मेलॅनिनमुळे मिळणारे संरक्षण याहून कितीतरी मोठे आहे, आणि आपल्याकडे त्वचेचे कर्करोग गोऱ्या लोकांच्या तुलनेने कमी आढळतात त्यामागे तेच आहे.

या उशिराच्या गाठींपुढे मात्र वेळेचे गणित उलटते. पिकोसेकंदाशी शर्यत लावणे अशक्य होते, पण तीन तास हा रसायनशास्त्रात प्रदीर्घ काळ आहे. २०१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचापेशींना जीवनसत्त्व ई देऊन लांब लहरींच्या यूव्हीएत ठेवले, तेव्हा उजेडात बसणाऱ्या आणि अंधारात बसणाऱ्या अशा दोन्ही गाठी, तसेच ऑक्सिडीकरणाचे नुकसान कमी झाले. हे बशीतील पेशींवरचे काम आहे. सायंकाळी चेहऱ्याला लावलेल्या मलमाने रानातून परतलेल्या माणसाच्या त्वचेत तेवढेच घडेल, असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही "उन्हातून आल्यावर लावायचे" असे काही शास्त्रशुद्धपणे बनवता येईल, ही आशा त्याने जागवली आहे आणि मला स्वतःला ती या क्षेत्रातील सर्वांत धरून ठेवण्यासारखी आशा वाटते.

जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी, अशी समजूत मात्र सोडायला हवी. १९९९ मध्ये मायामीत शस्त्रक्रियेच्या व्रणांवर जीवनसत्त्व ई लावून पाहिले गेले. दहापैकी नऊ व्रणांना त्याचा उपयोग झाला नाही किंवा ते अधिक वाईट दिसू लागले, आणि एकतृतीयांश रुग्णांना त्याच्या संपर्काने पुरळ उठले. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये टोकोफेरिल लिनोलिएट असलेल्या सौंदर्यप्रसाधनांमुळे पुरळाची साथच आली होती. चेहऱ्याला काही नवे लावण्याआधी ते तीन-चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, आणि गालावरचे पुरळ उन्हात वाळले की त्याचे काळे डाग राहतात, हेही सांगते.

"लावून होत नसेल तर खाऊन होईल का" हा पुढचा प्रश्न असतोच. शेंगदाणे, सूर्यफूल आणि करडईचे तेल, बदाम यांतून रोजची गरज, म्हणजे प्रौढ माणसाचे साधारण १५ मिलिग्रॅम, बऱ्याच अंशी भागते. मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय हजारो पुरुषांवर झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले होते. तो निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला.

मावशी महिन्याभराने पुन्हा आल्या, तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. वांग अर्थातच गेले नव्हते, कारण त्याला ऊन, दिसणारा उजेड आणि शरीरातील संप्रेरके अशी एकाहून अधिक कारणे असतात. मी त्यांना स्टुलावर बसवून बोटांवर सनस्क्रीन काढून दाखवले. पहिल्या दोन बोटांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा, एवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते. आपण लावतो त्याच्या ते तिपटी-चौपटीने तरी अधिक असते, आणि घामाने दोन-अडीच तासांत पुन्हा लावावे लागते. एवढी ट्यूब परवडणार नाही, हे त्या मोकळेपणाने म्हणाल्या, आणि त्यात काही गैर नाही. घट्ट विणीचा, गडद सुती कपडा डोक्यावरून गालांपर्यंत ओढून गळ्याशी गाठ मारलेला असेल तर तो कोणत्याही बाटलीपेक्षा चांगला अडसर आहे, फक्त घामाने भिजून विण सैल झाली की बदलायला हवा. त्यांच्या पिशवीत तसा एक जुना, जाड गडद निळा पंचा होता. तो उजेडात धरून पाहिला, पलीकडचे दार दिसत नव्हते. कॅप्सूल त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. भांगलण सकाळी सातला सुरू करून अकराला उरकता येईल का, असे मी विचारले, तर मुकादम ऐकेल की नाही याचा विचार करत त्या बराच वेळ पंच्याची घडी घालत बसल्या.